कॉलमचं लगीन

मित्रांनो, माझ्या नावाने आयुष्यात एकच पत्र आले आणि त्याला मी उत्तर दिले नाही.

ते मंद्रूपहून आले होते. पाकिटावर निळ्या शाईने, रेघ आखून पत्ता लिहिला होता : 'मोठा कॉलम, केमिकलचा कारखाना, चिंचोळी एमआयडीसी, सोलापूर.' फाटकावरचे वॉचमन गुंडामामा ते पाकीट नाचवत माझ्या पायाशी आले.

"घे बाबा," ते म्हणाले, "तुला बी टपाल यायला लागलं. आता तेवढं आधार कार्ड काढून टाकू."

आजूबाजूचे कामगार हसले. मामांनी पाकीट फोडले आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला त्यांचा आवाज खाली आला. तरीही त्यांनी शेवटपर्यंत वाचले.

'प्रिय कॉलम यांस, सा. न. वि. वि. मी अपेक्षा, इयत्ता सातवी. माझे बाबा अभिमन्यू तुमच्याकडे ऑपरेटर होते. शाळेत पोरं म्हणतात की तुझ्या बाबांनी वाफ बंद केली म्हणून कॉलम फुटला. कंपनीच्या कागदात पण तसंच लिहिलं आहे. मोठ्या माणसांना विचारलं तर ती म्हणतात अभ्यास कर. त्या दिवशी बाबांबरोबर तुम्हीच होता. म्हणून विचारते. बाबांची चूक होती का, एवढेच कळवावे. आपली, अपेक्षा.'

कोणी हसले नाही. मामांनी पत्राची घडी घातली आणि ते कार्यालयाकडे निघून गेले.

मी एक जुना पोलादी मनोरा आहे. पुस्तकात मला ऊर्ध्वपातन स्तंभ म्हणतात, पण कारखान्यात सगळे कॉलमच म्हणतात. मला बोलता येत नाही, लिहिता येत नाही, आणि आता जे सांगतो आहे ते मला नीट सांगता येईल की नाही याचीही खात्री नाही. पण त्या मुलीने विचारले आहे, आणि तिला उत्तर मिळाले पाहिजे.

माझा जन्म एका वर्कशॉपमध्ये झाला. पोलादाचे पत्रे वाकवून त्यांच्या नळ्या केल्या, नळीला नळी जोडली, आणि पाच मजली इमारतीएवढा उंच असा मी तयार झालो. माझ्या पोटात एकावर एक चाळणीसारख्या थाळ्या बसवल्या होत्या. काम सोपे होते. खालून वाफेची उष्णता मिळायची, माझ्यातले मिश्रण उकळायचे. जे लवकर उडते ते वर जायचे, जे जड ते खाली राहायचे. वर गेलेले थंड पाण्याच्या नळ्यांना लागून पुन्हा द्रव व्हायचे. वेगळे करणे, एवढाच माझा धंदा.

माझ्या शेजारी एक रिॲक्टर होता. म्हणजे बंद झाकणाचे मोठे भांडे. साखर कारखान्याचे अल्कोहोल आणि एक आंबट ॲसिड त्यात एकत्र शिजायचे. त्यांचे एस्टर व्हायचे आणि थोडे पाणी व्हायचे. एस्टरला पिकलेल्या फळांसारखा वास येतो. वारा सुटला की तो वास रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचा.

पण रिॲक्टरची एक अडचण होती. काम अर्ध्याच्या थोडे पुढे गेले की अडायचे. तयार झालेले एस्टर आणि पाणी तिथेच बसून राहायचे आणि एकमेकांत मिसळून पुन्हा पहिल्यासारखे अल्कोहोल आणि ॲसिड व्हायला लागायचे. जेवढे पुढे, तेवढेच मागे.

यावर तोडगा सोनाली मॅडमनी काढला. त्या मंगळवेढ्याच्या. शिकून इंजिनिअर झालेल्या आणि कमी बोलणाऱ्या. एकदा माझ्या सावलीत उभे राहून त्यांनी अभिमन्यूला समजावले, की रिॲक्टरचे काम आपण या कॉलमच्या पोटातच करू. एस्टर तयार झाले रे झाले की हा त्याला उचलून वर नेईल. मागे फिरायला ते तिथे राहणारच नाही.

अभिमन्यूने डोक्यावरचे हेल्मेट मागे सरकवले. "म्हंजे आमच्या मंद्रूपच्या बाजारातल्या दुकानागत की. ज्याची खरेदी झाली त्यानं दारात उभं न्हाय ऱ्हायचं. तो हलला की मागचा आत येतुय."

"तेच," मॅडम म्हणाल्या. "मला लिहायला चार पानं लागली."

"तुमी लिवलं म्हणून मला कळलं. न्हायतर मी दारातच उभा ऱ्हायलो असतो."

अभिमन्यू असा होता. रोज कामावर आला की माझ्या अंगावर बोटांच्या पेरांनी टकटक करायचा आणि विचारायचा, "काय रं, बरं हाय का?" माझ्या आवाजावरून त्याला म्हणे कळायचे. खरे की खोटे, मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या कोणी मला कधी विचारले नाही.

माझ्या मधल्या थाळ्या काढल्या आणि तिथे कापडाच्या पिशव्या बसवायच्या ठरल्या. त्या पिशव्यांत मोहरीएवढे तपकिरी मणी असतात. त्यांना स्पर्श झाला की अल्कोहोल आणि ॲसिड लवकर जुळतात. पिशव्या शिवायच्या कोणी? सोलापुरात कापडाला हात लावणारी माणसे कमी नाहीत. पूर्व भागातल्या राजेश्वरीबाईंना काम दिले. त्यांच्या घरात आधी चादरींचे माग होते. मणी ओले झाले की फुगतात, म्हणून पिशव्या ढिल्या ठेवायच्या होत्या. त्यावर त्यांची मॅडमशी वादावादी झाली.

"अम्मा गं, मॅडम, अर्धी उशी भरून दिली तर लोक म्हणतील राजेश्वरीनं कापूस चोरला!"

मॅडमनी एक पिशवी बादलीत बुडवून दाखवली. ती टम्म फुगली तेव्हा बाई शांत झाल्या.

पिशव्या माझ्या पोटात गेल्या तो दिवस जानेवारीतला होता. शहरात गड्ड्याची जत्रा भरली होती. आमच्या सोलापुरात त्या दिवसांत सिद्धेश्वरांच्या योगदंडाच्या लग्नाच्या अक्षता पडतात. त्यामुळे उभ्या दंडाचे लग्न ही गोष्ट इथे कोणाला नवी नाही. कुणाच्या डोक्यातून निघाले कळले नाही, पण दुपारपर्यंत माझ्या पायाला झेंडूच्या माळा बांधल्या गेल्या. रिॲक्टर नवरी आणि मी नवरदेव. मामांनी कुंकवात रंगवलेली ज्वारी आणली, अभिमन्यूने हेल्मेट काढून खणखणीत 'सावधान' म्हटले, आणि सगळ्यांनी मिळून माझ्यावर अक्षता टाकल्या. मालक सयाजीसाहेब स्वतः पेढे घेऊन आले होते.

"नवरी नवऱ्याच्या घरी गेली," ते म्हणाले. "आता माहेर कशाला ठेवायचं?" आणि महिन्याभरात रिकामा रिॲक्टर भंगारात गेला.

मित्रांनो, पुढची वर्षे माझ्या कौतुकाची होती. एकाच पोटात दोन कामे, वाफ कमी, जागा कमी, माल जास्त. कॉलेजची मुले मला पाहायला यायची, वह्या काढायची, माझ्यासमोर उभी राहून फोटो घ्यायची. त्यांना कळो न कळो, मला बरे वाटायचे. त्या वर्षांत अभिमन्यूने माझ्या बुडाशी एक पत्र्याचा बोर्ड लावला. लाल रंगात, मॅडमच्या सांगण्यावरून, त्याच्याच अक्षरात : 'काहीही गडबड झाली तर आधी वाफ बंद करा.' एस्टरच्या बाबतीत ते शंभर टक्के खरे होते. वाफ बंद केली की माझ्या पोटातली खळबळ थांबायची. मणी आपापल्या जागी गप्प बसायचे. घाबरायचे कारण नसायचे.

मग एस्टरची मागणी घटली. टॉवेल आणि चादरींवर छपाई करणारे लोक बाइंडर मागू लागले. छपाईचा रंग कापडावर धरून ठेवतो तो पदार्थ. त्याच्यासाठी लागणारा कच्चा माल आपणच काढू, असे सयाजीसाहेबांच्या मनात आले. माझ्या पायाशी खुर्च्या टाकून बोलणे झाले. चहा आला.

"आपला गडी रिकामा उभा आहे," साहेब म्हणाले. "ह्याच्यातच काढू."

मॅडम कपाकडे बघत म्हणाल्या, "साहेब, हा माल वेगळा आहे. एस्टर तापलं की उडतं. हा जास्त तापला की घट्ट होतो, आणि घट्ट होताना स्वतःच आणखी तापतो. तो तयार व्हायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात तो वेगळा करणं धोक्याचं आहे. वेगळा करताना दाब उतरवून, कमी उष्णतेत करावा लागेल. कॉलममध्ये दोन्ही कामांना एकच दाब, एकच उष्णता मिळणार. ह्याला वेगळा रिॲक्टरच पाहिजे."

"रिॲक्टर? अहो, लग्न लावलंय आपण! आता घटस्फोट द्यायचा?"

सगळे हसले.

"नांदतं घर हाय मॅडम, मोडू नका," मामा म्हणाले. "म्हातारपणी कुटं जाईल बिचारा?"

पुन्हा हसू. मॅडमही हसल्या. मग त्यांनी आणखी एकदा म्हणून पाहिले, "उन्हाळ्यात थंड पाण्याचा भरवसा नाही. टँकरवर चालतं आपलं."

"ते बघू."

तेव्हा मागे उभ्या असलेल्या अभिमन्यूने विचारले, "मॅडम, एक इचारू का? ह्या नव्या मालाला बी, गडबड झाली तर आदी वाफच बंद करायची नव्हं?"

मॅडमनी मान वर केली. त्या काहीतरी सांगणार होत्या. पण साहेबच आधी बोलले, "अरे, बोर्ड लावलाय ना तुझ्या हातानं!" आणि बोलणे छपाईवाल्यांकडे वळले. मॅडमचा कप भरलेलाच राहिला.

मित्रांनो, तो क्षण मी आजपर्यंत हजारदा आठवला आहे. एका थट्टेचा नियम झाला आणि कोणाला कळलेही नाही. 'लग्न लावलंय' या शब्दांनी सगळ्यांची तोंडे बंद केली. दोन कामे एका पोटात घ्यायची तर आधी दोघांनाही विचारावे लागते. दोघांना एकाच उष्णतेत राहता येईल का? दोघांचा वेग जुळेल का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न : एक थांबवले तर दुसरे थांबेल का? एस्टरने या प्रश्नांना 'हो' म्हटले होते. नव्या मालाला कोणी विचारलेच नाही. मला तोंड असते तर मी विचारले असते का? शंका आहे. मलाही रिकामे उभे राहायचे नव्हते.

दोन महिने माल निघाला. अभिमन्यू टकटक करायचा आणि पूर्वीपेक्षा जास्त वेळ कान लावून उभा राहायचा. "आतून जड बोलतुय ह्यो," एकदा तो मामांना म्हणाला. मामा म्हणाले, "लगीन जुनं झालं की सगळेच जड बोलत्यात." तो हसला, पण त्याने मॅडमना सांगितले. मॅडमनी साहेबांना सांगितले. 'ऑर्डर जाऊ द्या, मग उघडून बघू,' असे ठरले.

मे महिना होता. भर दुपार. पत्रा हाताला चटका देत होता आणि टँकर आला नव्हता. माझ्या डोक्याशी असलेल्या नळ्यांतले पाणी अंघोळीच्या पाण्याएवढे गरम झाले. वर गेलेली वाफ थंड होईना, दाबाचा काटा चढू लागला. अभिमन्यूने काटा पाहिला. त्याने बोर्डावर लिहिले होते तेच केले. वाफ बंद केली.

एस्टर असते तर मी शांत झालो असतो.

पण वाफ थांबली तसा वर राहिलेला सगळा पातळ माल पिशव्यांतून खाली उतरला आणि माझ्या बुडाशी साचला. त्याला घट्ट होऊ न देणारे औषध त्याच्यात पुरेसे नव्हते. तो आपोआप तापू लागला. मी ते आतून पाहिले. वाफ चालू ठेवली असती तरी पाण्यावाचून दाब चढतच गेला असता. दोन्ही वाटा बंद होत्या. वरून जास्तीचे औषध ओतायला नळी असती, किंवा सगळे एका रिकाम्या टाकीत सोडून द्यायची सोय असती, तर तिसरी वाट होती. ती सोय माझ्या अंगाला कोणी केलेलीच नव्हती.

अभिमन्यूला कळले की काटा खाली येत नाही. खाली काम करणाऱ्यांना त्याने ओरडून सांगितले, "पळा, फाटकाभायेर जावा! कुणी वर येऊ नगा!" आणि तो स्वतः शिडीने वर चढू लागला. वरची झडप हाताने उघडायची होती. ती त्याने उघडली. पण तोपर्यंत माझ्या आतला मार्ग जागोजागी घट्ट पांढऱ्या गोळ्यांनी बुजला होता. खालचा दाब वरच्या झडपेपर्यंत पोहोचलाच नाही. तो माझ्या मधल्या जोडातून बाहेर पडला. अभिमन्यू त्याच मजल्यावरून खाली उतरत होता.

त्यापुढचे मी सांगणार नाही. फाटकाबाहेर पळालेले सगळे वाचले.

चौकशीची माणसे आली. त्यांनी माझे फोटो काढले. काही दिवसांनी कागद तयार झाला. त्यात लिहिले होते, 'ऑपरेटरने परस्पर वाफ बंद केल्याने कॉलममधील प्रवाह खंडित झाला.' वाक्य खोटे नव्हते. पण त्यात बोर्ड नव्हता, टँकर नव्हता, आणि लग्नाची थट्टा करत घेतलेला तो चहा नव्हता. बोर्ड कोणीतरी आधीच काढून ठेवला होता.

मग मी नुसता उभा राहिलो. पोटात तो पांढरा माल दगड होऊन बसला होता. झेंडूची माळ बांधायला दसऱ्यालाही कोणी आले नाही. त्याच दिवसांत मंद्रूपचे पत्र आले. मामांनी ते सोनाली मॅडमच्या टेबलावर ठेवले. मॅडमनी ते वाचून पर्समध्ये टाकले. त्यानंतर त्या रोज माझ्यासमोरून जायच्या, पण वर पाहायच्या नाहीत. दिवाळी गेली, थंडी गेली. उत्तर कोणीच लिहिले नाही.

आणि आज मला पाडले. क्रेनने आडवे केले, गॅस कटरने माझे तीन तुकडे केले. पोट उघडे पडले तेव्हा राजेश्वरीबाईंच्या पिशव्या दिसल्या, पांढऱ्या दगडात रुतलेल्या. सयाजीसाहेब आणि मॅडम बघायला आले.

"चला, जागा मोकळी झाली," साहेब म्हणाले. "नवीन कॉलम ह्याच पायावर बसेल. सेम डिझाइन. ऑर्डर अजून आहे बाइंडरची."

"ह्यातच? एकत्रच?"

"मॅडम, डिझाइनमध्ये काही प्रॉब्लेम नव्हता. कागद वाचलाय ना तुम्ही? ह्या वेळी जरा शहाणा ऑपरेटर घेऊ."

कटरवाला ज्योत विझवून जेवायला गेला होता. त्यामुळे पुढचे सगळ्यांना ऐकू गेले.

"शहाणाच होता तो, साहेब," मॅडम म्हणाल्या. "तुमच्यासमोर त्यानं विचारलं होतं मला, वाफच बंद करायची ना. मी गप्प बसले. बोर्डावर लिहिलं होतं तेच त्यानं केलं. तो बोर्ड मी लिहायला लावला होता."

"अहो, झालं गेलं. कागद झालाय आता. तुमचंच नाव येईल त्यात, कळतंय का?"

"कळतंय. नवीन कॉलमच्या डिझाइनवर मी सही करणार नाही. दोन वेगळी भांडी असतील तर करेन."

"मग दुसरं कोणीतरी करेल."

"करेल. पण मी विरोध केला होता हे त्याला आधी कळेल. फॅक्टरी इन्स्पेक्टरलाही कळेल."

साहेब गाडीकडे गेले. मॅडम माझ्या कापलेल्या तुकड्यावर बसल्या, पर्समधून कागद काढला आणि मांडीवर ठेवून लिहू लागल्या. दोनदा कागद फाडला. मामा पाण्याची बाटली घेऊन आले आणि जवळच उभे राहिले.

"काय लिवलं मॅडम? म्हंजे, सांगायसारखं असंल तर."

मॅडमनी वाचून दाखवले.

'चि. अपेक्षा, तू कॉलमला विचारलंस. त्याला लिहिता येत नाही, म्हणून मी लिहिते. उत्तर फार उशिरा देते आहे. तुझ्या बाबांची चूक नव्हती. त्यांनी वाफ बंद केली, कारण तसं करायचं आम्हीच लिहून ठेवलं होतं. तो नियम जुन्या मालाचा होता. नव्या मालाला तो चालत नाही, हे मला माहीत होतं आणि मी त्यांना सांगितलं नाही. तो माल त्या कॉलममध्ये काढायलाच नको होता. ती चूक खुर्च्यांवर बसून चहा घेताना झाली, कॉलमवर काम करताना नाही. बाबांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि स्वतः वर गेले. खाली होती ती सगळी माणसं आज जिवंत आहेत. हे पत्र शाळेत दाखव, घरी दाखव, ज्याला दाखवायचं त्याला दाखव. खाली माझं पूर्ण नाव आणि हुद्दा लिहिला आहे. कुणीही विचारलं तर मी हेच सांगेन.'

मामांनी टोपी काढून तोंड पुसले. "त्या खालच्या माणसांत मी बी हुतो," ते म्हणाले. "माझं बी नाव घाला. नांदतं घर मोडू नका म्हणून दात काढणारा बी मीच."

मॅडमनी त्यांचे नाव घातले. मामांनी खाली सही केली, हळूहळू, एकेक अक्षर.

मित्रांनो, मी आता भंगार आहे. वितळून माझे काय होईल, माहीत नाही. तुम्ही मोठे व्हाल, यंत्रे बनवाल, दोन कामे एकत्र करून दाखवाल. जरूर करा, त्यात मोठा आनंद आहे, मी तो भोगला आहे. पण जोडण्याआधी दोन्ही कामांना विचारा, आणि जो माणूस त्यांच्याजवळ दिवसभर उभा राहणार आहे त्याला उत्तर द्या. तो विचारत असतो. हसण्यात त्याचा प्रश्न बुडू देऊ नका. यंत्र मोडले तर दुसरे करता येते.

आडवा पडल्यापासून मला रस्ता दिसत नाही. पूर्वी चहाच्या टपरीपलीकडचे पोस्ट ऑफिस दिसायचे. त्यामुळे मामा पत्र घेऊन सायकलवरून गेले ते मला फक्त ऐकू आले. कटरवाला परत आला, त्याने ज्योत पेटवली, पण मॅडमनी हात करून त्याला थांबवले. मग सायकलचा आवाज आला.

"टाकलं मॅडम. रजिस्टर केलं," मामा धापा टाकत म्हणाले. "पोस्टातला बाबा म्हणला, पोरीच्या नावानं कशाला, आईच्या नावानं टाका. मी म्हणलं, जिनं इचारलंय तिलाच जाऊ दे."